हेडसेट तुमचा, गाडी तुमची, मग दोष माझ्या फोनचा कसा?

कस्टमर केअर मॅनेजर,

तुमच्या हेल्पलाइनचा फोन आत्ताच ठेवला आणि लगेच लिहायला बसलोय. मोटरसायकल कोणती, तिची ऑडिओ सिस्टीम कोणती हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तुमचीच आहे. चॅसी नंबर आधीच्या तक्रारीत दिलाय.

प्रॉब्लेम परत लिहितो. हेडसेट जोडल्याशिवाय कारप्ले, म्हणजे फोनचे नकाशे आणि गाणी गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय, सुरू होणार नाही ही अट तुमची. म्हणून आधी हेल्मेटमधला हेडसेट गाडीला, मग फोन यूएसबीने गाडीला, हाच क्रम मी पाळतो. हेडसेटमधून फोनचं पेअरिंगही काढून टाकलंय, नाहीतर फोन हेडसेटला थेट पकडतो आणि गाडी बाजूला राहते. तरी होतं काय, तर हेडसेट फक्त कॉलसाठी जोडला जातो, म्युझिकसाठी नाही, म्हणजे ब्लूटूथचं कॉलचं प्रोफाइल एचएफपी लागतं आणि म्युझिकचं एटूडीपी लागतच नाही. स्क्रीनवर टेलिफोनचं चिन्ह पांढरं होतं, शेजारचं म्युझिकचं करडंच. गाणं स्क्रीनवर पुढे सरकतंय आणि कानात काहीच नाही. कधी लागलंच नशिबाने, तर पेट्रोल भरायला इग्निशन बंद केलं की गेलं, मग पंपावर मागे लाइन हॉर्न मारतीये आणि मी ग्लोव्ह काढून मेनू शोधतोय.

आणि गाण्याचं सोडा हो, नेव्हिगेशनचा आवाजसुद्धा येत नाही. पुण्याहून वाईला जाताना सुरूर फाट्याच्या आधी कानात एक शब्द नाही, मागे बायको बसलेली, शेजारून ट्रक चाललेत आणि मला मान खाली घालून स्क्रीन बघायला लागली. आवाज आला नाही तर माणूस स्क्रीनकडेच बघणार ना? हे धोक्याचं आहे, एवढंच मला तुमच्या माणसाला समजावून सांगायचं होतं.

त्यावर तो आधी म्हणाला, "सर, हेडसेट थर्ड पार्टी असेल." मी म्हटलं तुमच्याच ब्रँडचा आहे, तुमच्याच शोरूमने गाडीच्या बिलात लावलाय. मग म्हणाला, "फोन जुना असेल." म्हटलं बायकोच्या नव्या फोनवरही हेच होतंय. मग बराच वेळ होल्डवर ठेवलं, तुमची ती ट्यून ऐकवली, आणि परत येऊन काय विचारावं? "सर, तुमचं वय काय?" मी सांगितलं. तर म्हणतो, "घरात कोणी कॉलेजचा मुलगा असेल तर त्याला द्या ना, तो करून देईल." अहो, आयुष्य टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढलंय मी! मी एचएफपी आणि एटूडीपी म्हणतोय ते त्याला कळत नव्हतं, आणि वय माझं विचारतोय. सिनियरला फोन द्या म्हटलं तर म्हणे सिनियर कॉल घेत नाहीत. शेवटी वर, "गाडी चालवताना गाणी न ऐकलेलीच सेफ असतात सर." मग ऑडिओ सिस्टीम विकता कशाला? त्याचे पैसे घेताना नाही आठवली सेफ्टी?

या ब्रँडची गाडी घ्यायची म्हणून मी कित्येक वर्षं पैसे साठवले. इंजिनबद्दल माझी एक शब्दाची तक्रार नाही, गाडी घाटात लोण्यासारखी चढते. म्हणूनच जास्त वाईट वाटतं. हेडसेट तुमचा, गाडी तुमची, आणि त्या दोघांचं एकमेकांशी जमत नाही याचा दोष माझ्या फोनला आणि माझ्या वयाला?

फर्मवेअर अपडेट कधी देणार ते तारखेसकट लेखी कळवा. या सिस्टीमवर कोणते हेडसेट टेस्ट केलेत त्याची यादी पाठवा. नसेल जमत तर हेडसेटचे आणि ऑडिओ अ‍ॅक्सेसरीचे पैसे परत करा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करणार, आणि तिथेही तुम्ही असंच टोलवलंत तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. बिल, स्क्रीनचे व्हिडिओ, सगळं जपून ठेवलंय.

उत्तर ईमेलवरच द्या. त्या हेल्पलाइनवरून मला परत फोन नकोय.