एका नाटकासाठी महिन्याचा पास

डोंबिवली,
वसुबारस, 1 नोव्हेंबर 2021

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

फराळाचा डबा मागच्या आठवड्यातच कुरियरला दिला आहे. चकल्या मोडल्याच असतील, चुरा दह्यात घालून खा. त्यात चिठ्ठी टाकायची राहिली, पण बरंच झालं. लिहिण्यासारखं जे घडलं ते काल घडलं. बाबा या पानांचे फोटो काढून तुला पाठवणार आहेत. अक्षर लागलं नाही तर त्यांना विचार, चाळीस वर्षांत त्यांना सवय झाली आहे.

फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तुझा पहिला प्रश्न ऑक्सिजनचा. मी सत्त्याण्णव म्हटलं की दुसरा प्रश्न बाबांच्या ऑक्सिजनचा. तेवढ्यात तुझी मीटिंग येते.

तर ऐक. काल आम्ही नाटकाला गेलो. दादरला. लोकलने.

ओरडू नकोस. आणि बाबांना फोन करून झापूही नकोस, त्यांनी मला फरफटत नेलेलं नाही.

कोरोना आल्यापासून या घरात घाबरट कोण होतं ते तुला माहीत आहे. दुधाच्या पिशव्या साबणाच्या पाण्यात, भाजी दोन दिवस गॅलरीत, पेपर बंद. नोटांना इस्त्री करायचे ते दिवस आठवतात? पन्नासची एक नोट मी जाळली होती. ती बाबांनी अजून पाकिटात जपून ठेवली आहे, मी फार शहाणपणा शिकवायला लागले की बाहेर काढतात. ते गच्चीवर फेऱ्या मारायला गेले तरी परत येईपर्यंत मी दारात सॅनिटायझरची बाटली घेऊन उभी. एप्रिलमध्ये आपल्या बिल्डिंगमधली दोन माणसं दहा दिवसांत गेली, त्यानंतर मी जिनासुद्धा उतरेनाशी झाले. त्याबद्दल आज लिहीत नाही.

लस घेऊनही भीती गेली नाही. पहिला डोस मार्चअखेर झाला. दुसऱ्याची वेळ आली तोवर दोन डोसांमधलं अंतर वाढवून 12 ते 16 आठवडे केलं, म्हणजे जुलै उजाडला. 15 ऑगस्टपासून दोन डोसवाल्यांना लोकल सुरू झाली आणि तेव्हापासून बाबांची भुणभुण, चल कुठेतरी. मी म्हणायचे, जरा गर्दी कमी होऊ दे. डोंबिवलीच्या गाडीची गर्दी कमी होण्याची वाट बघणारी मी पहिलीच बाई असेन.

मग 22 ऑक्टोबरला नाट्यगृहं उघडली. निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवायच्या या अटीवर, पण उघडली. गणपतीनंतर मी पेपर पुन्हा लावला होता. एका सकाळी पान उलटलं तर नाटकांच्या जाहिराती! वार, वेळ, ठिकाण, खाली बारीक अक्षरात नट-नट्यांची नावं. लोक राशिभविष्य वाचतात तसं मी ते पान वाचत आले आहे, जायचं असो वा नसो. मधले काही महिने सोडले तर दीड वर्ष ते पान नव्हतंच. मी चहा गार होईपर्यंत वाचत बसले. बाबांनी एक शब्द काढला नाही, फक्त शनिवारी सकाळी दोघांची लसीची सर्टिफिकेटं झेरॉक्स करून आणली.

लोकलच्या पासाची गंमत सांगते. आधी मदत कक्षाच्या टेबलावर सर्टिफिकेट आणि आधार कार्ड दाखवायचं, ते शिक्का मारून देणार, मग तो कागद घेऊन खिडकीवर. तिथे सुटं तिकीट मिळत नाही, फक्त महिन्याचा पास. म्हणजे एका नाटकासाठी महिन्याचा पास! मी म्हटलं, राहू दे. बाबा म्हणाले, राहू दे कसं, आता महिनाभर रोज जाऊ. काढले दोन. आणि काल स्टेशनात पोचलो तर कळलं की त्याच दिवसापासून दोन डोसवाल्यांना सुटी तिकिटंही द्यायला लागलेत. बाबांनी माझ्याकडे बघितलंच नाही, सरळ जिना चढायला लागले.

रविवार, म्हणून मेगाब्लॉकच्या धास्तीने दोन तास आधी निघालो होतो. स्लो गाडी घेतली, खिडकी मिळाली. मुंब्र्याची खाडी दिसली तेव्हा मला एकदम काय झालं कुणास ठाऊक, डोळे भरून आले. बाबांना वाटलं मला गुदमरतंय. त्यांनी खिशातून ऑक्सिमीटर काढला. हो, बरोबर आणला होता! समोरच्या माणसाने आपण होऊन विचारलं, किती आला? सत्त्याण्णव, मी म्हटलं. तो म्हणाला, उत्तम.

आता नाटकाचं. नाव फोनवर सांगेन, तसं बेताचंच होतं. दुसरा अंक तर उगाच लांबवलेला. पण ते काल माझ्या लेखी मुद्द्याचंच नव्हतं.

एक आड एक खुर्चीवर कागद चिकटवलेले, फुलीचे. बाबा आणि मी, मध्ये एक फुली. बाबांनी त्या खुर्चीवर पिशवी ठेवली तर दारावरचा माणूस येऊन उचला म्हणाला. पिशवीलाही अंतराचा नियम! अंधार झाला, तिसरी घंटा झाली. पडदा वर जाताना तो जुन्या कापडाचा, धुळीचा वास यायचा ना, तो मास्कमधूनही आला. चष्म्यावर मात्र वाफ. पहिली दहा मिनिटं मी नाटक ऐकलं, बघितलं नाही. मग मास्कची वरची कड चष्म्याखाली दाबून बसवली, तेव्हा नायिकेचं तोंड दिसलं.

पंधराव्या मिनिटाला बाबा झोपले. त्यात नवीन काही नाही. तू लहान असताना शिवाजी मंदिरात एकदा इतके घोरले होते की तू त्यांच्या तोंडावर रुमाल टाकला होतास. नेहमी मी कोपराने ढोसते. काल कोपर पोचेना! मध्ये ती फुलीची खुर्ची. शेवटी पाण्याची बाटली लांब करून त्यांना टोचलं. ते दचकून जागे झाले आणि जोरात टाळ्या वाजवायला लागले. प्रवेश संपला नव्हता. आजूबाजूच्यांना वाटलं काहीतरी सुंदर झालं असावं, त्यांनीही वाजवल्या.

एक गोष्ट मला पहिल्यांदाच लक्षात आली. मास्क लावून बसलेल्या लोकांचं हसू नटांना दिसत नाही आणि ऐकूही धड जात नाही, कापडातच विरून जातं. म्हणून लोक एरवी जिथे नुसते गालात हसले असते तिथे काल टाळी देत होते. निम्मं भरलेलं थिएटर, पण टाळ्या हाऊसफुल्लच्या. आणि एकदा अगदी शांत प्रसंगात मागून कुणीतरी खोकलं. पूर्वी आपण 'श्श' करायचो. काल सगळं थिएटर वळून बघायला लागलं, दुसरा खोकला येतो का म्हणून. स्टेजवरची ती बाईसुद्धा क्षणभर थांबली. दुसरा आला नाही. मग ती पुढचं वाक्य बोलली आणि माझ्या लक्षात आलं, मी श्वास धरून बसले होते. पूर्वीची मी असते तर तिथूनच उठून घरी आले असते. उठावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मला पुढे काय होतं ते बघायचं होतं.

नाटक सुटल्यावर रस्त्यावर उभं राहून वडापाव खाल्ला. मास्क हनुवटीवर, आणि मी चोरी केल्यासारखी दोन्हीकडे बघत होते. तिखट चटणीने नाक वाहायला लागलं आणि मी घाईघाईने बाबांना म्हटलं, चटणीचं आहे हं, चटणीचं.

आता तुझं. व्हिडिओ कॉलवर तुझ्या मागच्या कपाटावर टेबल टेनिसच्या बॅटची पिशवी दिसते. निळी. दीड वर्ष ती एक इंचही हललेली नाही, मी दर रविवारी बघते. तिकडे दर गुरुवारी क्लबात जायचास, त्या म्हाताऱ्या जर्मन आजोबांकडून हरून यायचास आणि चिडून आम्हाला फोन करायचास. मला तुझे ते चिडलेले फोन आवडायचे. आता तू ऑफिसचं काम घरातच करतोस, जेवण घरीच मागवतोस आणि मला विचारतोस, आई, बाहेर कशाला जाता? तेव्हा तू बरोबरच होतास, म्हणून मी ऐकलं. तिथले आकडे पुन्हा वाढताहेत हे मीही वाचते. तेव्हा तिथले नियम बघ, सर्टिफिकेट खिशात ठेव, हवा तर मास्क लाव. पण ती पिशवी निदान खाली तरी काढ. ते आजोबा खेळायला येतात की नाही, एवढी चौकशी तर करशील?

बाकी इकडे सगळं पूर्वीसारखं झालंय असं समजू नकोस. भिशीतल्या दोघीजणी अजून येत नाहीत, त्यांना कुणी आग्रहही करत नाही. मीसुद्धा रात्री घरी आल्यावर सगळे कपडे बादलीत टाकले आणि डोक्यावरून आंघोळ केली. बाबा हसले. हसू देत.

काल हिवाळ्यासाठी तुमची घड्याळं एक तास मागे गेली ना? म्हणजे आता साडेचार तासांचा फरक. गुरुवारी नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजनही त्याच दिवशी. तू कॉलेजात असताना अभ्यंगस्नान आटपून नवा कुर्ता घालून फडके रोडला पळायचास आणि दुपारी बारापर्यंत तोंड दाखवायचा नाहीस. गेल्या दिवाळीत तो रस्ता ओस होता. यंदा किती पोरं जमतात, पोलीस काय करतात, माहीत नाही. आम्ही दोघं कडेकडेने गणपती मंदिरापर्यंत जाऊन बघून येणार आहोत. मी नवी पैठणी काढली आहे, मास्क तिच्याच रंगाचा शिवलाय.

तेव्हा गुरुवारी सकाळी फोन उचलला गेला नाही तर शेजाऱ्यांना उठवू नकोस. दुपारी कर. आणि पहिला प्रश्न साडीचा विचार.

तुझी,
आई

ता. क. बाबा म्हणतात, त्यांनी दुसरा अंक पूर्ण बघितला. विश्वास ठेवू नकोस.