पडद्याची शीर तुंबलेल्या रुग्णांचे स्कॅन वेळेवर होऊ द्या: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

डोळ्याच्या पडद्याचे ओसीटी स्कॅन, म्हणजे प्रकाशाने पडद्याचे थर दाखवणारे चित्र, काढणे हे माझे रोजचे काम आहे. पडद्याच्या रक्तवाहिन्यांच्या आजारांत मधुमेहाखालोखाल शीर तुंबण्याचा क्रमांक लागतो. 2015 साली जगभरात सुमारे 2 कोटी 80 लाख लोकांना हा आजार असल्याचा अंदाज आहे. तरीही अंधत्व निवारणाच्या चर्चेत मोतीबिंदू असतो, मधुमेह असतो, आणि याचे नाव क्वचितच निघते.

डोळा दुखत नाही, लाल होत नाही. एका डोळ्याने धुरकट दिसू लागते, दुसरा डोळा सांभाळून घेतो आणि मोतीबिंदू असेल म्हणून माणूस थांबतो. आत मात्र रक्तदाबाने कडक झालेल्या धमनीने, दोघींचे आवरण एक असते त्या जागी, शिरेला दाबलेले असते. काहींची तर मुख्य शीरच बंद होते. तुंबलेल्या रक्तातले पाणी पाझरते आणि पडद्याच्या मध्यभागी, जिथे आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो, तिथे सूज येते.

उशिराची किंमत किती, हे 2010 साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रूझ’ चाचणीत मोजले गेले. मुख्य शीर तुंबलेल्यांपैकी ज्यांना लगेच रॅनिबिझुमॅब या सूज उतरवणाऱ्या औषधाची डोळ्यात इंजेक्शने मिळाली, ते सहा महिन्यांत नजर तपासण्याच्या तक्त्यावरची सरासरी 13 ते 15 अक्षरे जास्त वाचू लागले. ज्यांना तुलनेसाठी औषध न देता नुसते इंजेक्शनचे नाटक करून ठेवले होते, त्यांना एकाही अक्षराचा फायदा झाला नाही. मग त्यांनाही खरे औषध सुरू झाले. वर्षअखेर त्यांची कमाई 7 अक्षरांवर थांबली. आधीपासून औषध मिळालेल्यांची 14 होती. औषध तेच, फक्त सहा महिने उशिरा आलेले.

असे का, हे आम्हाला स्कॅनवर दिसते. मध्यभागाची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजता येते आणि उपचारानंतर ती पुष्कळदा छान उतरते. कागदावर रुग्ण बरा. पण प्रकाश टिपणाऱ्या पेशींची रेघ तुटलेली असेल, आतले थर एकमेकांत मिसळून गेले असतील, तर सूज ओसरूनही नजर पुरती परतत नाही. म्हणून मला केवळ जाडीच्या आकड्यावर यश मोजणे पटत नाही.

महोदय, माझी मुख्य मागणी इथेच आहे. जी योजना इंजेक्शनचे पैसे देते आणि त्यानंतरचा स्कॅन रुग्णाच्या खिशावर टाकते, ती अर्धा उपचार देते. सूज वारंवार परत येते. पुढचे इंजेक्शन आता द्यायचे की थांबायचे, हे स्कॅन आणि नजरेच्या तपासणीवरून ठरते. स्कॅनला ना सुई लागते ना डोळ्याला स्पर्श. काही सेकंदांत तो होतो. पहिल्या भेटीपासून पुढच्या प्रत्येक गरजेच्या भेटीपर्यंत तो उपचाराचाच भाग धरा.

औषध महाग आहे, ही अडचण मी नाकारत नाही. पण 2017 च्या ‘स्कोअर 2’ चाचणीत, मुख्य शीर तुंबलेल्या रुग्णांत, याच प्रकारचे स्वस्त औषध बेव्हॅसिझुमॅब सहा महिन्यांनंतर महागड्या अफ्लिबरसेप्टपेक्षा कमी ठरले नाही. मात्र ते मोठ्या कुपीतून छोट्या मात्रांमध्ये विभागावे लागते आणि तिथे जंतुसंसर्ग झाला तर डोळाच जाऊ शकतो. निर्जंतुक विभागणीची देखरेखीखालची व्यवस्था शासनाने उभारली, तर वाचलेल्या पैशात पाठपुराव्याचे कितीतरी स्कॅन बसतील.

पहिल्या काही महिन्यांत आणखी एक धोका असतो. पडद्याला रक्तच पोहोचत नसेल, तर बुबुळावर नको त्या रक्तवाहिन्या उगवतात आणि वेदनादायक काचबिंदू होतो. बाहुली मोठी करणारे थेंब घालण्याआधी बुबुळ नीट पाहिले, तर तो लवकर सापडू शकतो. थेंब घालण्याच्या घाईत तपासणीची ही पायरी गळते. आणि प्रत्येक रुग्णाचा रक्तदाब त्याच दिवशी मोजला जावा, कारण कित्येकांना तो असल्याचे तोवर माहीतच नसते.

आपल्या खात्याच्या पुढच्या वार्षिक अहवालात दिलेल्या इंजेक्शनांच्या संख्येशेजारी एक रकाना वाढवा: सहा महिन्यांनी आणि वर्षाने रुग्णाला तक्त्यावरची किती अक्षरे वाचता आली. लक्षण दिसल्यापासून पहिल्या स्कॅनपर्यंत किती दिवस गेले, तेही त्यात नोंदवले जावे.

आपली नम्र,
ओसीटी स्कॅन काढणारी एक नेत्रतंत्रज्ञ