मॉड घालण्याआधी जगाची प्रत ठेवा

महोदय,
आठवीतल्या माझ्या मुलीने 'माइनक्राफ्ट' या ठोकळ्यांनी जग बांधायच्या संगणक-खेळात दोन महिने खपून राजगड बांधला होता. बालेकिल्ला, तिन्ही माच्या, सुवेळेचं नेढंसुद्धा! मग एका व्हिडिओत पाहून तिने एकदम तीसेक मॉड (खेळात बदल किंवा भर करणाऱ्या जास्तीच्या फाइली) घातले आणि ते जगच उघडेना. फार रडली.

त्यानंतर जे शिकलो ते इतर पालकांसाठी लिहितो. खेळाच्या जावा आवृत्तीत मॉड चालवायला फॅब्रिक किंवा फोर्जसारखा वेगळा प्रोग्रॅम लागतो; फॅब्रिकसाठीचा मॉड सहसा फोर्जवर चालत नाही, आणि खेळाच्या १.२०.१ या क्रमांकासाठीचा मॉड १.२१ वर चालेलच असं नाही. बांधलेली जगं जिथे साठतात त्या 'सेव्ह्ज' फोल्डरची प्रत आधी वेगळी ठेवावी. आमच्या ४ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर 'सोडियम' या खेळ हलका करणाऱ्या मॉडने जेवढा फरक पडला तेवढा कशानेच नाही. चित्र अडखळायचं थांबलं. (प्रकाश-सावल्या खुलवणारे देखणे शेडर अशा यंत्रावर नकोतच.) नवे ठोकळे, नवे प्राणी आणणारे मॉड एकेक करून घालावेत, दरवेळी खेळ सुरू करून पाहावा. असा मॉड पुढे काढला की त्याचे ठोकळेही जगातून नाहीसे होतात, हे मुलांना आधीच सांगायला हवं.

आता चारच मॉड आहेत. राजगड पुन्हा पायथ्यापासून उभा राहतोय. पद्मावती माची झाली.

– एक पालक, सातारा