चहाच्या त्या दहा मिनिटांबद्दल

प्रिय सर,

आपल्या शाळांच्या केंद्रातले तंत्रस्नेही शिक्षक तुम्ही, वयाने माझ्या मुलाएवढे. आभार तोंडावर मानले असते तर तुम्ही विषय बदलला असता, म्हणून हे उघड पत्र.

मे २०२०. शाळा बंद, प्रशिक्षण झूमवर. माझ्या निवृत्तीला चार वर्षं उरलेली. गावात रेंज फक्त मारुतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर, तीही एका कोपऱ्यात. दहा मिनिटं झाली तरी होस्ट मला आत घेईना. तेवढ्यात तुमचा साधा फोन आला, "बाई, आहात कुठे?" तुमच्या वेटिंग रूममध्ये माणसाच्या नावाऐवजी फोनचंच नाव दिसणारे चार 'रेडमी' ताटकळत होते, त्यातली मी कुठली हे तुम्हाला कळेना. एप्रिलातच गृहमंत्रालयाने झूमबद्दल सावध केलं होतं, त्यामुळे ओळख पटल्याशिवाय तुम्ही कुणाला आत घेत नव्हता. मग बाहेर पडून, नाव टाकून पुन्हा कसं यायचं ते तुम्ही फोनवरच सांगितलंत. मराठी कीबोर्डवर माझं आडनाव तीनदा चुकलं. तुम्ही घाई केली नाहीत.

फुकटच्या खात्यावर मीटिंग चाळीस मिनिटांनी तुटायची. सगळे वैतागायचे. तुम्ही पस्तिसाव्या मिनिटालाच थांबायचात, "चहा घ्या, दहा मिनिटांनी त्याच लिंकवर या." त्या दहा मिनिटांत तुम्ही स्वतः चहा घेत नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. मध्येच गळालेल्या एकेकाला फोन लावत होतात. कुणाचा दीड जीबीचा पॅक संपत आलेला, त्याला व्हिडिओ बंद करायला सांगायचं. कुठे नवरा-बायको दोघंही शिक्षक, एकाच खोलीत दोन मोबाईल लावून बसलेले आणि आवाज घुमतोय. त्यांना एकाच मोबाईलवर बसवायचं.

साठ जणांत मी कधी माइक उघडला नाही. तुम्ही पाच-पाच जणांच्या ब्रेकआउट रूम केल्यात, तेव्हा पहिल्यांदा बोलले: चिंचोक्यांवर हातच्याची बेरीज कशी शिकवते ते. मागे शेळी ओरडली. नेमके तुम्ही आमच्या गटात डोकावला होतात. "बाईंच्या गटात सहावं कोण आलं?" असं विचारलंत, आणि माझी भीड तिथेच गेली.

परवा आम्हा बहिणींची मीटिंग मी घेतली. पस्तिसाव्या मिनिटाला सगळ्यांना चहाला सोडलं आणि धाकटीला आवाज येत नव्हता, तिला फोन लावला.

आपली,
चारांतली एक 'रेडमी'