तुझं ४०९० राहू दे

गावभाग, सांगली

प्रिय मन्या,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. एवढं सगळं फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

तू आरटीएक्स ५०९० हे नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं म्हणतोयस आणि तुझं ४०९० मला घरच्या भावात देतो म्हणतोयस. बाहेर विकलंस तर चांगले पैसे येतील, तरी पहिल्यांदा मला विचारलंस. फार बरं वाटलं. पण माझं ऐक, ते कार्ड मलाही देऊ नकोस आणि बाहेरही काढू नकोस. तुझ्याकडंच राहू दे.

तू ३०९० वरून ४०९० वर जात होतास तेव्हा मीच तुझ्या मागं लागलो होतो, की घेऊन टाक. तेव्हा तसं कारणही होतं. ३०९० ची चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटरवर बनलेली आणि ४०९० ची टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या ४एन प्रक्रियेवर. चिप बनवायचं तंत्रच पुढं गेलं होतं, म्हणून फोर-केमध्ये, म्हणजे तुझ्या ८३ लाख पिक्सेलच्या पडद्यावर, दीडपटीहून जास्त फरक पडला. या खेपेला तसं काही घडलेलं नाही. ५०९० सुद्धा त्याच ४एन घराण्यातलं. मग वेग आणला कुठून? चिपच मोठी केली, ६०९ चौरस मिलिमीटरवरून ७५० वर नेली. कोअर, म्हणजे हिशेब करणारे छोटे घटक, १६,३८४ चे २१,७६० झाले, म्हणजे ३३ टक्के जास्त. वीज ४५० वॉटची ५७५ झाली, म्हणजे २८ टक्के जास्त. आणि फोर-केमध्ये हाती काय लागलं, तर साधारण २५ ते ३५ टक्के. जेवढी वीज जास्त ओतली, जवळजवळ तेवढाच वेग मिळाला. यासाठी कंपनीनं भारतात जाहीर केलेली किंमतच २,१४,००० रुपये होती, आणि दुकानात गेल्यावर ती कुठल्या कुठं जाते हे तुला माहीत आहे.

मेमरी मात्र खरोखर सुधारली आहे, ते मान्य करायलाच हवं. ३२ जीबी जीडीडीआर७ (नव्या प्रकारची मेमरी), सेकंदाला १,७९२ जीबी डेटा ने-आण करणारी; तुझ्याकडं २४ जीबी आणि १,००८. तू ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मोठे सीन रेंडर करत असतास किंवा घरी एआयची मॉडेलं चालवत असतास, तर मी हे पत्र लिहिलंच नसतं. पण तू गेम खेळतोस, आणि गेमसाठी २४ जीबी आज भरपूर आहे.

आता नव्या कार्डाच्या त्या ‘एकाच्या चार फ्रेम’विषयी (फ्रेम म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारं एकेक चित्र). ५०९० वर होतात, खरं आहे. पण त्यातली एकच खरी. बाकीच्या तीन कार्डानं मधे भरलेल्या. डोळ्याला चित्र गुळगुळीत दिसतं, पण माऊस हलवल्याचं गेमला कळतं ते खऱ्या फ्रेमच्याच हिशेबानं. वर आणखी थोडा उशीर, कारण मधल्या फ्रेम बनवायच्या तर पुढची खरी फ्रेम आधी हातात यावी लागते. आता तुझ्या मॉनिटरचं गणित मांड. तो १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा. तुझं ४०९० एकाच्या दोन करतं, म्हणजे खऱ्या ७२ फ्रेम असल्या की १४४ पुरे झाले. त्याच मॉनिटरवर चौपट लावलंस आणि १४४ ला मर्यादा घातलीस, तर खऱ्या फ्रेम उरतात ३६. चित्र तेवढंच गुळगुळीत आणि हात मात्र जड. हे फीचर २४० हर्ट्झच्या मॉनिटरवाल्यांच्या कामाचं आहे, तुझ्या नाही.

मला खरं बोलायचंय ते तुझा गेम मधेच क्षणभर अडकतो त्या झटक्यांबद्दल, कारण तुझ्या डोक्यात नवं कार्ड शिरलं ते त्यामुळंच. तू पाठवलेला व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला. वरच्या कोपऱ्यात आफ्टरबर्नरचे (कार्डावर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) आकडे आहेत, ते बघ. गेममध्ये तू दरवाजा ढकलून बाहेरच्या बाजारात पाऊल टाकतोस. त्याच क्षणी फ्रेमटाइमची, म्हणजे एका फ्रेमला लागणाऱ्या वेळेची, रेघ सरळ वर उडते आणि त्याच वेळी जीपीयूचा, म्हणजे कार्डाच्या चिपचा, वापर ९८ टक्क्यांवरून साठीत येतो. रेघ खाली आली की वापर पुन्हा ९८. कार्ड कमी पडत असतं तर तो आकडा ९८-९९ वर चिकटून राहिला असता. तो खाली येतो, म्हणजे त्या क्षणी कार्ड रिकामं बसलंय आणि प्रोसेसरकडून काम यायची वाट बघतंय. प्रोसेसर तेव्हा नव्या भागाचा डेटा एसएसडीवरून उचलतोय, उलगडतोय, शेडर (कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम) तयार करतोय. तिथं ५०९० बसवलंस तर तेही असंच वाट बघत बसेल.

तुझा प्रोसेसर रायझन ५८००एक्स २०२० चा आहे. त्यात एल३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, ३२ एमबी. नव्या ९८००एक्स३डी प्रोसेसरमध्ये ९६ एमबी. गेममध्ये हा फरक जाणवतो, आणि सरासरीपेक्षा फ्रेम अचानक कमी होतात त्या क्षणी जास्त जाणवतो. प्रोसेसर बदलायचा तर मदरबोर्ड आणि रॅमही बदलावी लागेल, त्या नव्या रॅमचे, डीडीआर५ चे, भाव चढलेत, तरी सगळं मिळून ५०९० च्या निम्म्याच्या आत बसेल. झटके शंभर टक्के जातील असं मी म्हणणार नाही. अनरियल इंजिन ५ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवरच्या काही गेमची बांधणीच तशी आहे, कुठलाही प्रोसेसर ते पूर्ण लपवू शकत नाही.

विजेचंही बघ. ५७५ वॉट म्हणजे १२ व्होल्टवर ४८ अँपिअर, आणि ते कार्डाला वीज देणाऱ्या त्या छोट्या कनेक्टरच्या सहा पिनांतून जाणार. पिनेला ८ अँपिअर. तुझ्या ४५० वॉटला सव्वासहा पडतात. कनेक्टर एकूण ६०० वॉटचा, म्हणजे ५०९० ला मोकळीक जवळजवळ नाहीच. एखादी पिन नीट बसली नाही तर तिचा भार बाकीच्यांवर जातो आणि त्या तापतात. ४०९० चे वितळलेले कनेक्टर २०२२ मध्ये आपण दोघांनी फोटोत पाहिलेत. शिवाय तुझा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) ८५० वॉटचा. ५०९० ला कंपनी १००० सांगते. तोही खर्च धर.

माझं म्हणशील तर माझा पडदा १४४०पी. म्हणजे सुमारे ३७ लाख पिक्सेल, तुझ्या फोर-केचे ८३ लाख. माझ्या ३०८० कार्डाची १० जीबी मेमरी काही गेममध्ये अपुरी पडते, टेक्श्चर (पृष्ठभागांचा तपशील) एक पायरी खाली घ्यावं लागतं, तेवढंच. डीएलएसएस, म्हणजे कमी पिक्सेलचं चित्र एआयनं मोठं करायची सोय, तिचं नवं ट्रान्सफॉर्मर मॉडेल जुन्या आरटीएक्स कार्डांनाही मिळालं आणि त्यानं या कार्डाचं आयुष्य वाढवलं. पूर्वी तारेचं कुंपण लांबून चमचमायचं, आता एकेक तार स्थिर दिसते. दिवाळीत कार्डातले थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारे) बदलले. मेमरीचं तापमान शंभरीच्या वर जायचं, आता ऐंशीच्या घरात असतं. एप्रिल-मेच्या सांगलीत ४५० वॉटची उष्णता या खोलीत सोडायची माझी इच्छाही नाही. आणि आमच्या गल्लीला पावसाळ्याचा हिशेब असतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की आम्ही सामान वर न्यायला लागतो; २०१९ ला ते ५७ च्या वर गेलं होतं. इतकं जड कार्ड स्लॉटला लटकतं ठेवून कॅबिनेट घाईघाईत जिन्यावरून न्यायचं म्हणजे स्लॉटच तुटायची भीती. माझं ३०८० अजून एक पिढी चालेल.

तू आता एवढं कर. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट, म्हणजे विजेची मर्यादा, ७० टक्क्यांवर आण. ३१५ वॉटवर ४०९० चा वेग पाच-सात टक्क्यांपलीकडं घटत नाही, आणि खोली, पंखे, कनेक्टर सगळं निवांत होतं. मग त्याच सेव्हवरून तोच दरवाजा एकदा फोर-केमध्ये आणि एकदा १०८०पी मध्ये, जिथं पिक्सेल कमी म्हणून कार्डावर भार कमी, उघड. झटके दोन्हीकडं सारखेच आले तर प्रोसेसर बदल, कार्डाला हात लावू नकोस. १०८०पी ला ते नाहीसे झाले तर मी चुकलो असं समज. मग खुशाल ५०९० घे, आणि तुझं ४०९० बाहेर नीट भावात कसं जाईल ते मी बघतो.

दोन्हीचे व्हिडिओ आकड्यांसकट पाठव. काकांना आणि काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सच्या