रक्तगटाची चौकशी लग्नात नको, बाळंतपणात हवी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

लग्नाच्या बायोडेटात रास-नाडीच्या खाली हल्ली रक्तगटाचाही रकाना असतो. त्यात मुलीपुढे ‘निगेटिव्ह’ दिसले की काही घरांत बोलणी तिथेच थांबतात. ‘तिला मुले होणार नाहीत, झाली तरी जगायची नाहीत,’ असे जाणती माणसे बोलताना मी आमच्या परळ-लालबागच्या चाळींतही ऐकले आहे. शिवाय नवरा-बायकोचा गट एकच असला की मूल अधू होते, हीसुद्धा समजूत आहेच. मुंबईतल्या प्रसूतिगृहात उमेदीची वर्षे घालवलेली निवृत्त परिचारिका म्हणून सांगते, या दोन्ही गोष्टींत तथ्य नाही. एकाच रक्तगटाने मुलाला काहीही होत नाही, आणि दोघेही निगेटिव्ह असतील तर आर-एचचा (म्हणजे गटापुढच्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा) प्रश्नच येत नाही.

प्रश्न येतो तो आई निगेटिव्ह आणि बाळ वडिलांसारखे पॉझिटिव्ह असेल तेव्हा. आपल्याकडे शंभरात साधारण पाच जणांचा गट निगेटिव्ह असतो, म्हणजे अशा बायका काही थोड्या नाहीत. बाळंतपणात, गर्भपातात किंवा पोटाला जोराचा मार लागल्यावर बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात उतरते. आईचे शरीर ते परके समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. पहिले मूल बहुधा सुखरूप असते, कारण तोवर ते जन्मलेले असते. पुढच्या खेपेला मात्र हीच प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत जातात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. बाळाला पोटातच रक्त कमी पडते, अंगावर सूज येते, जन्मल्यावर कावीळ झपाट्याने चढते. ती मेंदूपर्यंत गेली तर ऐकू न येण्यापासून सेरेब्रल पाल्सीपर्यंत काहीही मागे राहू शकते.

हे सगळे टाळणारे अँटी-डी इंजेक्शन १९६८ पासून वापरात आहे. पन्नास वर्षांहून जुने औषध हाताशी असताना त्याच्यावाचून एखादे बाळ जाते, याची मला चीड येते. आईच्या शरीराने प्रतिपिंडे बनवायच्या आत ते द्यावे लागते. एकदा ती तयार झाली की या इंजेक्शनाचा काही उपयोग नाही. म्हणून सातव्या महिन्यात एक, आणि बाळ पॉझिटिव्ह निघाले तर जन्मानंतर ७२ तासांच्या आत दुसरे.

हे ७२ तास बाळ जन्मल्यापासून मोजायचे, रिपोर्ट हातात पडल्यापासून नव्हे. नाळेचे रक्त छोट्या नळीत घ्यायचे, चिठ्ठी लावून लॅबला पाठवायचे, बाळाचा गट आणि कूम्ब्स टेस्ट (अशी प्रतिपिंडे आहेत का ते पाहणारी तपासणी) यायची वाट पाहायची. शनिवारी रात्री बाई मोकळी झाली, सोमवारची सुट्टी जोडून आली, की एवढ्यातच दोन दिवस जातात. मग औषध बाहेरून आणायचे असेल तर नवरा चिठ्ठी घेऊन केमिस्टांची दुकाने पालथी घालतो आणि बर्फाच्या पिशवीत घालून ती बाटली आणतो, कारण ते थंड ठेवावे लागते. वेळ टळली म्हणून सोडून मात्र देऊ नये. उशिरा दिले तरी थोडाफार उपयोग होऊ शकतो, डॉक्टरांना विचारावेच.

पण माझे खरे म्हणणे सातव्या महिन्याच्या इंजेक्शनाबद्दल आहे. ते २८व्या आठवड्याच्या सुमारास घ्यायचे असते. आपल्याकडे नेमके तेच डोहाळजेवणाचे दिवस. ओटी भरली की मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघते, कोणी चिपळूणला, कोणी साताऱ्याला. मुंबईच्या डॉक्टरांना वाटते, आता तिकडचे डॉक्टर देतील. तिकडच्यांना वाटते, मुंबईहून आली आहे, घेऊनच आली असेल. बाळंतपण तिकडे, दुसऱ्या खेपेची नोंदणी पुन्हा इकडे, आणि पहिल्या वेळचा कागद माहेरच्या कपाटात. ‘गेल्या वेळी अँटी-डी घेतले होते का?’ या प्रश्नाला ‘एक सुई दिली होती, कसली ते माहीत नाही,’ हे उत्तर मी फार वेळा ऐकले आहे. यात त्या मुलीचा काय दोष? मी पाहिलेल्या बहुतेक डिस्चार्ज कार्डांवर ते इंजेक्शन औषधांच्या गर्दीत कुठेतरी खरडलेले असायचे, नाहीतर नसायचेच.

गर्भपाताची नोंद तर आणखी हरवते. आमच्याकडे एक मुलगी आली होती. लग्नानंतर लगेच दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात पडले. गावाजवळच्या एका दवाखान्यात पिशवी साफ करून तिला घरी पाठवले. रक्तगट कोणी विचारला नाही, सासरी तर त्या विषयाचे नावही काढायचे नाही असे ठरलेले. पुढच्या खेपेला आमच्याकडे तिची इन्डायरेक्ट कूम्ब्स पॉझिटिव्ह आली, म्हणजे प्रतिपिंडे तयार झालेली होती. जन्मल्यावर बाळाचे रक्त बदलावे लागले. नाळेच्या शिरेतून दहा-पंधरा मिली काढायचे, तेवढेच दात्याचे भरायचे, पुन्हा काढायचे, असे तास-दीड तास चालते. ते बाळ वाचले. बाहेर तिची सासू शेजारणीला सांगत होती, ‘हिचे रक्तच वाईट.’ ती मुलगी आत दिव्याखालच्या बाळाच्या डोळ्यांवरची पट्टी सारखी करत होती, आणि तिला ते ऐकू जात होते. (१२ आठवड्यांच्या आतल्या गर्भपाताला हे इंजेक्शन नको, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०२२ चे मार्गदर्शन आहे. आपल्याकडे अनेक डॉक्टर तरीही देतात. पण रक्तगट तपासून लिहून ठेवायला कोणाचीच हरकत नसावी.)

आईचा गट ‘ओ’ आणि बाळाचा ‘ए’ किंवा ‘बी’ असला तरीही कावीळ होऊ शकते, तीही पहिल्याच बाळाला. ती बहुधा सौम्य असते, तिच्यासाठी असे इंजेक्शन नसते. पण जन्मल्यापासून २४ तासांत बाळ पिवळे दिसू लागले तर कोवळ्या उन्हात धरत बसू नका, माळ घालायला नेऊ नका. तडक दवाखान्यात न्या.

हे औषध माणसाच्याच रक्तापासून, प्रतिपिंडे असलेल्या दात्यांच्या प्लाझ्मापासून बनत आले आहे. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन यांनी त्यासाठी ११७३ वेळा दान केले. ते २०२५ च्या फेब्रुवारीत गेले, तेव्हा त्यांना मनोमन हात जोडले. आणि आपली मुंबई तर रक्तगटांच्या शास्त्रात जगाला ठाऊक असलेली. १९५२ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेल्या रक्तगटाला आजही ‘बॉम्बे’ म्हणतात. त्याच आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) रक्तावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. त्या शहरात एका बाईला तिला कोणते इंजेक्शन दिले हे सांगणारा कागद मिळू नये?

म्हणून महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे मागणी आहे. प्रसूतिगृहांच्या डिस्चार्ज कार्डावर पहिल्याच पानावर, लाल रेघेत, एक चौकोन छापावा. त्यात आई, वडील आणि बाळ यांचे रक्तगट, कूम्ब्सचा निकाल, अँटी-डी कोणत्या तारखेला दिले किंवा का दिले नाही, हे मराठीत लिहावे. गर्भपातानंतर मिळणाऱ्या कागदावरही तोच चौकोन असावा. खासगी नर्सिंग होमनाही तो बंधनकारक करावा. नावनोंदणीच्या पहिल्या भेटीतच निगेटिव्ह बाईच्या नवऱ्याचा गट तपासावा. माहेरी जाणार असेल तर २८व्या आठवड्याचे इंजेक्शन देऊन, नोंद करूनच तिला सोडावे, आणि ज्यांना परवडत नाही त्यांना ते पालिकेने मोफत द्यावे. नवीन कार्डांची छपाई केव्हा होणार आणि त्यात हा चौकोन असेल का, हे आपल्या वार्ताहराने आरोग्य खात्याला विचारून छापावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, परळ, मुंबई