घारापुरी म्हणजे केवळ लेणी नव्हेत

परदेशी महिलांच्या मंडळांच्या मुंबईतील सहलींवरचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. घारापुरीला ‘अर्ध्या दिवसाची सहल’ म्हणणे मात्र पटले नाही. गेटवेहून लाँचने जायलाच सुमारे तास लागतो, परतीला तेवढाच. त्यात धक्क्यापासूनची चाल आणि शंभराहून अधिक पायऱ्या. टाचांच्या चपला तिथेच दगा देतात. (सोमवारी लेणी बंद असतात, हेही लेखात हवे होते.) चाळीस जणींचा घोळका महेशमूर्तीपुढे एकदम उभा केला, की मागच्यांना गाइडचा आवाज पोहोचत नाही. पंधरा-पंधराच्या तुकड्या कराव्यात, एक मुख्य लेण्यात असताना दुसरी बाजूच्या लेण्यांकडे न्यावी.

माझा खरा आक्षेप पुढेच आहे. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर ही बेटावरची तीन गावे. तिथे समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज पोहोचली ती 2018 मध्ये. पण सहली पायऱ्यांवरच्या दुकानांतून मण्यांच्या माळा घेऊन माघारी फिरतात. सकाळच्या पहिल्या लाँचने निघून, गावातल्या महिलांना आधी कळवून दुपारचे जेवण त्यांच्याकडे ठरवले, तर अर्ध्याचा पूर्ण दिवस होईल आणि चार पैसेही गावात राहतील.

– एक वाचक, उरण